गल्लीचा रस्ता पावसात आखा

कोकणातल्या छोट्या शहरांत रस्त्यांच्या कामाचा हंगाम ठरून गेला आहे. दिवाळी उलटली की अंदाजपत्रके हलू लागतात, जानेवारीत निविदा निघतात, फेब्रुवारीच्या अखेरीस डांबराच्या गाड्या गल्ल्यांत शिरतात आणि ३१ मार्चच्या आत बिले निघावीत म्हणून रात्रीसुद्धा रोलर फिरतात. या साऱ्या महिन्यांत पावसाचा थेंब नसतो. ज्याच्यामुळे रस्ता मरतो, त्याला न पाहताच रस्त्याचे सगळे निर्णय होतात. कोरड्या जमिनीवर टेप लावायची, लांबी, रुंदी आणि जाडीचा गुणाकार करायचा, की अंदाजपत्रक तयार. माझे म्हणणे असे आहे की वस्तीतल्या रस्त्यांचे नियोजन भर पावसाळ्यात झाले पाहिजे, त्याची सुरुवात पाण्यापासून झाली पाहिजे, आणि कोणती गल्ली आधी व कोणती नंतर, याची पुढच्या काही वर्षांची यादी कारणांसकट लोकांसमोर लावली गेली पाहिजे.

हे आत्ता सांगण्याला कारण आहे. चार वर्षांच्या आसपास आपल्या बहुतेक नगरपरिषदा प्रशासकाच्या हाती होत्या. डिसेंबर २०२५ मध्ये निवडणुका झाल्या आणि रत्नागिरी, चिपळूण, खेड, राजापूर, मालवण, वेंगुर्ले, सावंतवाडी अशा शहरांत लोकांनी निवडून दिलेली माणसे पुन्हा सभागृहात बसली. प्रचारात प्रत्येकाने रस्त्याचे आश्वासन दिले आहे. ते पाळायची घाई त्यांना असणार, आणि त्या घाईतच चुकीचे रस्ते होतात. रस्ते हा विषय राज्यघटनेच्या बाराव्या अनुसूचीत नगरपालिकांच्या कामांत नोंदलेला आहे. मोठ्या महामार्गावर आपला जोर चालत नाही, मुंबई-गोवा महामार्गाने सगळ्या कोकणाला ते शिकवले आहे. पण आपल्या दारातली गल्ली आपल्याच नगरपरिषदेची आहे.

कोकणातली गल्ली सरकारी अंदाजपत्रकाच्या नमुन्यात बसत नाही. रुंदी तीन-साडेतीन मीटर. दोन्ही बाजूंना चिऱ्याचे गडगे, म्हणजे जांभ्या दगडाच्या बुटक्या कुंपणभिंती, गडग्याला लागून अंगण नाहीतर माडा-पोफळींचे आगर. एका टोकाला सडा म्हणजे कातळाचे पठार किंवा डोंगराचा उतार, दुसऱ्या टोकाला वहाळ म्हणजे ओढा, खाडी नाहीतर समुद्र. गटार असलेच तर एका बाजूला, तेही अर्ध्या लांबीचे. रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि तो जवळजवळ सगळा चार महिन्यांत. दिवसाला शंभर मिलिमीटर ही आपल्याकडे बातमी होत नाही.

त्या शंभर मिलिमीटरचा हिशेब एकदा करून पाहावा. शंभर मीटर लांब आणि साडेतीन मीटर रुंद गल्लीवर त्या दिवशी पस्तीस हजार लिटर पाणी पडते. याच गल्लीत दहा घरे आहेत आणि प्रत्येकाचे छप्पर शंभर चौरस मीटरचे आहे असे धरले, तर छपरांवरून एक लाख लिटर पाणी खाली येते. म्हणजे रस्त्यावर पडणाऱ्या पावसाच्या जवळपास तिप्पट पाणी घरांवरून येते. पूर्वी कौलांच्या पागोळ्या अंगणात पडत, अंगणातले पाणी आगरात जाई आणि तिथे जिरे. आता अंगणाला कोबा किंवा पेव्हर ब्लॉक आहेत, छपरावर पत्रा आहे, आणि पत्र्याच्या पन्हळीचा पाइप गडग्याला भोक पाडून थेट रस्त्यावर सोडलेला आहे. वरून सड्यावरचे पाणी येते ते वेगळेच. गल्लीचा रस्ता हा आज आपल्या वस्त्यांचा मुख्य वहाळ झाला आहे. त्याला रस्ता समजून त्यावर दोन इंच खडी-डांबर पसरणे म्हणजे वहाळाच्या तळाला डांबर लावणे आहे.

डांबराला पाणी चालत नाही. गरम मिश्रण साधारण १४० अंशांच्या आसपास असताना अंथरून दाबले गेले, तर डांबर खडीला धरून राहते. प्लँट शहरापासून दूर, मध्ये घाट, गाडीवर ताडपत्री नाही, आणि गल्लीच्या तोंडाशी येईपर्यंत माल निवलेला, असे झाले की दबाई नीट बसत नाही आणि थरात पोकळ्या राहतात. पाणी त्या पोकळ्यांतून आत शिरते, खडीवरचे डांबर सुटते, चाकांखाली खडी मोकळी होते. पहिल्या जोराच्या पावसानंतर गल्लीच्या उताराला काळी बारीक खडी साचलेली दिसते, ती हीच. ठेकेदाराने डांबर कमी वापरले, असे लोक म्हणतात. पुष्कळदा ते खरे असते आणि त्याचा जाब विचारलाच पाहिजे. पण डांबर पुरेसे असले, तरी ज्या रस्त्यावर तासन् तास पाणी उभे किंवा वाहते असते तो टिकणार नाही. भ्रष्टाचार थांबला की रस्ते टिकतील, हा आपला मोठा गैरसमज आहे. त्यामुळे नियोजनाकडे कोणी पाहतच नाही.

जांभ्याचे एक वैशिष्ट्य आपल्याला लहानपणापासून ठाऊक असते. सड्यावर पडलेला पाऊस कातळाच्या भेगांतून आणि छिद्रांतून खाली झिरपतो आणि उताराला, जिथे कातळ संपून माती लागते तिथे, पाझर होऊन बाहेर येतो. जुलैत कितीतरी गडग्यांच्या पायथ्यातून स्वच्छ पाणी वाहत असते. हे पाझर रस्त्याखालीही असतात. दरवर्षी नेमका त्याच जागी पडणारा खड्डा बहुतेक वेळा पाझराचा असतो. पाणी वरून पडत नाही, खालून उचलते. मुरूम भिजून मऊ होतो, वरचा थर खचतो, खड्डा पडतो, गणपतीआधी त्यात खडी-माती टाकली जाते, मार्चमध्ये वर नवे डांबर येते, आणि ऑगस्टमध्ये तोच खड्डा तिथेच असतो. तिथे रस्त्याखाली आडवा चर काढून, त्यात काळ्या दगडाची मोकळी खडी आणि सच्छिद्र पाइप घालून पाणी बाजूच्या गटारात काढून दिले, तर तो प्रश्न कित्येक वर्षांसाठी सुटतो. खर्च नव्या डांबराच्या मानाने फार नाही. पण पाझर कुठे आहे, हे फेब्रुवारीत टेप लावून कळत नाही. ते जुलैत, पाऊस दोन तास थांबल्यानंतरही कुठे पाणी वाहतेय, हे पाहून कळते. किंवा त्या गल्लीत राहणाऱ्या कोणत्याही आजीला विचारून.

आता उंचीकडे येतो. वस्तीतल्या रस्त्यांच्या कामांत लोकांचे सर्वांत मोठे आणि कायमचे नुकसान कशाने होत असेल, तर उंचीने. जुना थर खरवडून काढायचा नाही, त्यावरच नवा टाकायचा. समतल करण्यासाठी पन्नास मिलिमीटर आणि वर वीस मिलिमीटरचे कार्पेट धरले, तर एका खेपेला सत्तर मिलिमीटर. चार खेपा झाल्या की रस्ता जवळजवळ एक फूट वर आला. घर तिथेच आहे. गटाराचे काठ तिथेच आहेत. पंचवीस वर्षांपूर्वी अंगणातून रस्त्यावर यायला दोन पायऱ्या उतराव्या लागत, आज रस्त्यावरून अंगणात दोन पायऱ्या उतराव्या लागतात, अशी घरे तुम्हाला प्रत्येक गावात दिसतील. ज्याच्याकडे पैसे आहेत तो अंगण भरून घेतो, गडगा वाढवतो, जोते उचलतो. ज्याच्याकडे नाहीत, त्याच्या पडवीत पाणी येते. गल्लीत एकाने अंगण भरले की त्याचे पाणी शेजारच्याकडे जाते, आणि पिढ्यान् पिढ्यांच्या शेजाऱ्यांत वाद लागतात. नगरपरिषदेच्या कोणत्याही हिशेबात हा खर्च दिसत नाही. तो सरळ लोकांच्या खिशातून जातो.

चिपळूणला, राजापूरला, खेडला ही गोष्ट आणखी गंभीर होते. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचे पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत आणि घरांत किती चढले, हे तिथल्या लोकांना विसरता येणार नाही. एवढा पूर रस्त्याच्या उंचीमुळे येत नाही, हे उघड आहे. पण पूर ओसरतो तेव्हा पाणी कुठून बाहेर पडणार, हे रस्त्यांच्या आणि रस्त्याखालून पाणी नेणाऱ्या मोऱ्यांच्या उंचीवर ठरते. मधला एखादा रस्ता आजूबाजूच्या घरांपेक्षा फूटभर वर असेल तर तो बांधासारखा पाणी अडवतो. पूररेषांवर, नदीतल्या गाळावर आपण खूप बोललो, आणि बोललेच पाहिजे होते. गल्लीच्या रस्त्याची उंची त्या चर्चेत फारशी आली नाही.

म्हणून नियम करायचाच झाला तर एकच करा: वस्तीतल्या कोणत्याही रस्त्याची अंतिम पातळी सध्याच्या पातळीपेक्षा वर जाणार नाही, आणि ती दोन्ही बाजूंच्या जोत्यांच्या खालीच राहील. अंदाजपत्रकात आधीची पातळी आणि नंतरची पातळी हे दोन आकडे सक्तीने असावेत. जुना थर काढण्याचे यंत्र अरुंद गल्लीत शिरत नाही, हे खरे आहे. मग ब्रेकर लावून आणि छोट्या जेसीबीने काढावा लागेल, राडारोडा उचलून न्यावा लागेल, आणि काम महाग होईल. तेवढ्याच पैशांत कमी मीटर रस्ता होईल. मला हे मान्य आहे आणि नगरसेवकांनीही ते उघडपणे मान्य करून लोकांना सांगावे. वर्षाला दहा गल्ल्यांवर थर चढवण्यापेक्षा चार गल्ल्या मुळापासून केलेल्या बऱ्या. उरलेल्या सहांना थांबावे लागेल आणि आपण का थांबलो आहोत हे त्यांना कळले पाहिजे. यादी जाहीर करण्याचा आग्रह मी धरतो तो यासाठीच.

खाली पाणी कुठे जाणार, हे ठरल्याशिवाय वरच्या टोकाला हात लावू नये. आपल्याकडे नेमके उलटे होते. निधी तुकड्यातुकड्यांनी येतो. थोडा राज्याच्या नगरोत्थान योजनेचा, थोडा जिल्हा नियोजन समितीचा, थोडा आमदारांचा, आणि प्रत्येक तुकड्यासाठी वेगळा फलक. निविदेच्या मर्यादेत बसावे म्हणून एकाच गल्लीचे तीन भाग केले जातात. या वर्षी वरचा भाग काँक्रीट होतो, तिथले पाणी वेगाने खालच्या मातीच्या भागावर येते आणि तो एका पावसात वाहून जातो. खालच्या भागाला निधी मिळतो तेव्हा त्याची पातळी वरच्याशी जुळत नाही, म्हणून मध्ये एक उंचवटा. मोरी अरुंद असल्याचे शेवटी लक्षात येते, तोवर पैसे संपलेले असतात. गल्ली हे एक काम आहे, गडग्यापासून गडग्यापर्यंत आणि डोंगरापासून वहाळापर्यंत, आणि सुरुवात वहाळाकडून व्हायला हवी. आधी मोरी, मग गटार, शेवटी रस्ता.

किनाऱ्याला अगदी लागून असलेल्या वस्त्यांत यात भरतीची भर पडते. रत्नागिरीचे मिरकरवाडा, राजिवडा, मालवणचे दांडी, मेढा अशा भागांत गटाराचे तोंड समुद्रात किंवा खाडीत उघडते. पावसाळ्यातल्या उधाणाच्या भरतीला समुद्राची पातळी गटाराच्या तोंडाच्या वर येते आणि त्याच वेळी मोठा पाऊस असेल तर गटार उलटे वाहते. तिथे कितीही चांगला रस्ता केला तरी काही तास तो पाण्याखाली राहणारच. अशा ठिकाणी डांबर घालूच नये, आणि गटाराच्या तोंडाशी पाणी एकाच दिशेने जाऊ देणारी झडप बसवावी. पाहणीचा दिवस पंचांगात अमावास्या-पौर्णिमा पाहून ठरवावा. हे कोणत्याही मच्छीमाराला सांगायची गरज नाही, अंदाजपत्रक करणाऱ्याला मात्र सांगावे लागते.

नव्या रस्त्याची खोदाई हा तर सगळ्यांच्या जिव्हाळ्याचा विषय. नवी पाणी योजना, भूमिगत वीजवाहिन्या, फायबर, आता काही शहरांत पाइपने गॅस. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळाने रायगड आणि उत्तर रत्नागिरीत विजेचे खांब कसे आडवे केले हे पाहिल्यावर वीजवाहिन्या जमिनीखाली गेल्याच पाहिजेत, यात वाद नाही. वाद क्रमाचा आहे. केंद्र सरकारने मार्च २०२३ मध्ये ‘कॉल बिफोर यू डिग’ हे ॲप सुरू केले. खोदणाऱ्याने आधी नोंद करायची, म्हणजे जमिनीखाली ज्यांच्या वाहिन्या आहेत त्यांना कळते. ते वापरले गेलेच पाहिजे. पण गल्लीतल्या रस्त्याचे खरे मरण मोठ्या खोदाईत नसते. मोठी योजना एकदा येते आणि तिच्या नावाने रस्ता पुन्हा करूनही मिळतो. रोजचे मरण घरगुती नळजोडणीचे आहे. मुख्य जलवाहिनी गल्लीच्या एका कडेला, घर दुसऱ्या कडेला, जोडणीचा पाइप गंजला किंवा फुटला की प्लंबर रस्ता आडवा फोडतो, काम झाल्यावर तीच माती भरतो आणि वर सिमेंटचा हात फिरवतो. अशा दहा चरांनी शंभर मीटरची गल्ली खिळखिळी होते. म्हणून मुळापासून काम करताना दर वीस-तीस मीटरवर रस्त्याखालून आडवे रिकामे पाइप टाकून ठेवावेत, प्रत्येक घराची जोडणी कडेपर्यंत आणून ठेवावी, आणि गंजलेल्या सगळ्या जोडण्या त्याच वेळी बदलाव्यात. रिकाम्या प्लॉटसाठीसुद्धा. दोन वर्षांनी तिथे इमारत उभी राहणारच आहे.

कोणती गल्ली आधी, हा सगळ्यात अवघड प्रश्न. आजची पद्धत अशी की प्रत्येक प्रभागाला सारखा निधी द्यायचा. ऐकायला न्याय्य वाटते. पण डोंगरउतारावरच्या प्रभागात गल्ली मुळापासून करायला लागणारा पैसा आणि सपाट प्रभागातल्या रस्त्याला लागणारा पैसा सारखा नसतो. घरांची संख्या सारखी नसते. आधीच्या वीस वर्षांत कोणाला काय मिळाले, तेही सारखे नसते. सारखे वाटले की ज्यांच्याकडे आधीच आहे त्यांना नवा थर मिळतो आणि ज्यांच्याकडे काही नाही त्यांना अर्धवट काम मिळते. दुसरी पद्धत अशी की जो जास्त ओरडेल त्याचे आधी. ज्यांच्याकडे फोन करायला वेळ, ओळखी आणि भाषा आहे, त्यांच्या गल्ल्या होतात. कोळीवाड्यातली बाई पहाटे बंदरावर असते, ती मुख्याधिकाऱ्यांना कधी भेटणार?

मग सगळ्यात वाईट रस्ता सगळ्यात आधी, असे कोणीही म्हणेल. माणुसकीने पाहिले तर हेच बरोबर वाटते. रस्त्यांचे शास्त्र मात्र वेगळे सांगते आणि त्याला उत्तर द्यावे लागते. रस्ता एकसारख्या गतीने बिघडत नाही. बरीच वर्षे तो हळूहळू झिजतो, बारीक भेगा पडतात. या टप्प्यावर भेगा भरून, सील कोट म्हणजे डांबराचा पातळ थर देऊन, गटार साफ ठेवून त्याला थोडक्या पैशांत वाचवता येते. हा टप्पा चुकला की भेगांतून पाणी पायात जाते, पाया जातो, आणि मग दोन-तीन वर्षांत रस्ता कोसळतो. त्यानंतरचा खर्च कित्येक पटींनी वाढतो. जगभरातल्या नगरपालिका म्हणून रस्त्यांना शून्य ते शंभर असे गुण देतात आणि मधल्या गुणांच्या रस्त्यांवर आधी पैसा घालतात. कारण आज त्यांना सोडले तर उद्या तेही तळाला जातात आणि तळाची यादी कधी संपतच नाही.

हा तर्क मला पटतो, पण तो जसाच्या तसा स्वीकारायला मी तयार नाही. तो पूर्ण लागू केला तर ज्या वस्तीला पंचवीस वर्षे रस्ता मिळाला नाही, तिला सांगावे लागेल की तुमचा रस्ता आधीच मेला आहे, आता तो दुरुस्त केल्याने काही वाचत नाही, तुम्ही शेवटी. हे शास्त्राच्या नावाने चाललेला अन्यायच होईल. म्हणून पैशाचे दोन वाटे सुरुवातीलाच वेगळे करावेत. एक वाटा देखभालीचा. तो लहान असेल, पण दरवर्षी न चुकता असेल, आणि तो चांगल्या व मध्यम रस्त्यांवर गटारसफाई, भेगा भरणे, कडा बांधणे यासाठीच जाईल. त्याला इतरत्र वळवता येणार नाही. दुसरा, मोठा वाटा मुळापासून करायच्या गल्ल्यांचा. तिथे क्रम लावताना रस्त्याच्या खड्ड्यांपेक्षा माणसांची अडचण मोजावी. घरात पाणी शिरते का? रुग्णवाहिका दारापर्यंत येते की आजाऱ्याला खुर्चीत बसवून चौघांना उचलून न्यावे लागते? उतार एवढा आहे का की पावसात म्हातारी माणसे चार महिने घराबाहेर पडत नाहीत? शाळेची मुले या वाटेने जातात का? गल्लीत घरे किती आहेत? चाकरमान्यांची कुलूपबंद घरे आणि बारमाही राहती घरे यांत फरक करावा लागेल. हे म्हणणे काहींना आवडणार नाही, पण आठ दिवस येणाऱ्याच्या गाडीपेक्षा बारा महिने चालणाऱ्याचे पाय महत्त्वाचे आहेत.

कशाने करायचे, यावर सध्या सगळीकडे एकच उत्तर आहे, काँक्रीट. पाण्याला ते टिकते, नीट केले तर वीस-पंचवीस वर्षे बघावे लागत नाही, आणि तीव्र उताराच्या किंवा भरतीच्या पाण्याच्या गल्लीला त्याला पर्याय नाही. पण गडग्यापासून गडग्यापर्यंत काँक्रीट ओतण्याची जी पद्धत पडली आहे, ती विहिरींना मारते. जांभ्यातली विहीर आजूबाजूच्या जमिनीत जिरलेल्या पावसावर जगते. अंगणात कोबा, गल्लीत काँक्रीट, गटारही तळासकट काँक्रीटचे, मग पाणी जिरणार कुठे? ते अर्ध्या तासात खाडीला मिळते आणि एप्रिलमध्ये आपण टँकरची वाट पाहतो. ज्या गल्ल्या सपाट आहेत, वाहने मोजकी आहेत आणि खाली वाहिन्यांचे जाळे आहे, तिथे ऐंशी मिलिमीटर जाडीचे पेव्हर ब्लॉक बरे. ते उचलून काम करता येते आणि पुन्हा बसवता येतात. ते हलतात, खचतात, अशी तक्रार असते, पण तो दोष खालची वाळू नीट न दाबण्याचा आणि कडेला पक्की पट्टी न बांधण्याचा असतो.

आणि पाखाड्या. चिऱ्याच्या पायऱ्यांची, बाजूने पन्हळ काढलेली पाखाडी आपल्या पूर्वजांनी उताराला शोधलेले उत्तर होते. कित्येक पाखाड्या पिढ्या गेल्या तरी जागेवर आहेत. जिथे वाहन जाऊच शकत नाही, तिथेही आता पायऱ्या फोडून गुळगुळीत काँक्रीटचा उतार केला जातो. पहिल्या पावसात त्यावर शेवाळ धरते आणि माणसे घसरून पडतात. दुचाकी वर नेता येते एवढाच त्याचा फायदा. अशा ठिकाणी चिऱ्याची पाखाडी दुरुस्त करून, एका बाजूला धरायला दांडा आणि दुचाकीसाठी अरुंद पट्टी केली, तर कमी पैशांत चांगले काम होते. गवंडी गावातलाच मिळतो.

वेळापत्रकाबद्दल एक गोष्ट मला फार खुपते. काँक्रीटला निदान चौदा दिवस ओले ठेवावे लागते, नाहीतर त्यात ताकद येत नाही आणि वरचा थर भुकटी होऊन उडतो. आपल्याकडे ही कामे एप्रिल-मेमध्ये येतात, जेव्हा शहरांत पाणी एक दिवसाआड असते. गल्लीतल्या लोकांना प्यायला पाणी नाही, तेव्हा ठेकेदार रस्त्यावर पाणी मारणार कुठून, आणि त्याने मारले तर लोक ते बघून गप्प बसणार का? परिणाम ठरलेला. गोणपाट चार दिवस ओले राहते, मग उन्हात वाळते. जून-जुलैत पाहणी, ऑगस्टमध्ये पातळ्यांसह अंदाजपत्रक, गणपती आटोपले की निविदा, आणि नोव्हेंबरमध्ये काम सुरू, असे केले तर विहिरींना आणि वहाळांना पाणी असताना काँक्रीट होते. होळीपर्यंत काम संपते. शिमग्याला पालखी घराघरांत जाते तेव्हा गल्ली मोकळी असते, आणि आंब्याच्या गाड्या सुरू होतात तेव्हा रस्ता पक्का झालेला असतो. प्रशासकीय मान्यता आणि तांत्रिक मंजुरी यांना लागणारा वेळ माझ्या लक्षात आहे. पण तीन वर्षांची यादी आधीच मंजूर असेल, तर दरवर्षी शून्यापासून धावावे लागत नाही.

ती यादी लोकांनी तपासायची जागाही कायद्यात आहे. २००९ मध्ये राज्याने शहरांसाठी क्षेत्रसभेची, म्हणजे त्या त्या भागातल्या मतदारांच्या सभेची, तरतूद केली. ग्रामसभा आपल्याला माहीत आहे, क्षेत्रसभा भरलेली फार कोणी पाहिलेली नाही. गल्लीच्या रस्त्यांइतका तिला शोभणारा विषय दुसरा नाही. यादीत आपली गल्ली अमुक क्रमांकावर का आहे, तिला किती गुण मिळाले, शेजारच्या आळीला जास्त का मिळाले, हे तिथे विचारता यावे आणि चूक असेल तर क्रम बदलावा. एकदा ठरल्यावर मात्र नगराध्यक्षांच्या आळीसाठीसुद्धा तो बदलू नये. बदलायचाच असेल तर सभागृहात कारण नोंदवून.

मुंबई उच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२५ मध्ये खड्ड्यामुळे मृत्यू झाल्यास सहा लाख रुपये आणि जखमींना पन्नास हजारांपासून अडीच लाखांपर्यंत भरपाई देण्याचा आदेश दिला. चांगला रस्ता हा नागरिकाचा हक्क आहे, हे न्यायालयाने त्याआधीही सांगितले होते. त्यामुळे आता वाईट रस्त्याची किंमत नगरपरिषदेलाही मोजावी लागणार आहे. एरवी ती मोजतो तो दुचाकीवरून पडलेला माणूस.

कामावर लक्ष ठेवायला दोष दुरुस्तीची मुदत, म्हणजे ज्या काळात बिघाड ठेकेदारानेच दुरुस्त करायचा तो काळ, करारात असतेच, ठेकेदाराची ठेवही असते. अडचण एवढीच की ती मुदत कधी संपते हे गल्लीत कोणालाच माहीत नसते. कामाच्या फलकावर निधी कोणाचा, हे मोठ्या अक्षरांत असते. त्याऐवजी रस्त्याची आधीची व नंतरची पातळी, थराची जाडी आणि मुदत संपण्याची तारीख लिहावी. शेवटचे बिल आणि ठेव यांपैकी निदान काही रक्कम एक पूर्ण पावसाळा जाईपर्यंत रोखून धरावी, आणि ती सोडण्यापूर्वी ऑगस्टमध्ये पाऊस चालू असताना अभियंत्याने गल्लीतल्या रहिवाशांसोबत रस्त्यावरून चालत जावे.

पहिली पाहणी तर येत्या पावसाळ्यातच करता येईल. तिला निधी लागत नाही, मंजुरी लागत नाही. जुलैत तीन-चार दिवस पाऊस लागून राहिला की प्रत्येक प्रभागात कनिष्ठ अभियंता, नगरसेवक आणि गल्लीतली दोन जुनी माणसे यांनी निघावे. पाणी कुठून येते, कुठे थांबते, कोणाच्या दारात शिरते आणि कुठल्या मोरीशी तुंबते, हे नकाशावर मांडावे. गडग्यावर पाण्याची उंची रंगाने खुणावून ठेवावी. फेब्रुवारीत टेप घेऊन येणाऱ्याला ती खूण दिसेल.